पाण्याला हात न लावता: तानसाची पहिली फेरी

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूने जाणारे ते जाडजूड पाइप आम्ही लहानपणापासून बघत आलो. "तानसाची पाइपलाइन" हे शब्द पत्त्यातसुद्धा यायचे. पण तानसा म्हणजे कुठलं गाव, कुठलं पाणी, हे बघायला मी गेले ती चाळिशी ओलांडल्यावर. नंतर मात्र दर हिवाळ्यात जात राहिले, आणि आता थंडी सुरू झाली की ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "तानसाला कसं जायचं गं? पोरांना घेऊन गेलं तर चालेल का?" फोनवर तुकड्यातुकड्याने सांगते ते सगळं इथे सलग लिहून काढते.

निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. तानसाचं पाणी पिण्याचं आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी हा एक. पूर्ण भरला की त्यात १४,५०८ कोटी लिटर पाणी मावतं, म्हणजे सातही तलावांच्या एकूण साठ्याचा साधारण दहावा हिस्सा. त्याच्या भोवतीचं जंगल १९७० पासून अभयारण्य आहे, तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं. म्हणून इथे पोहणं नाही, बोट नाही, गळ टाकून बसणं नाही, काठावर चूल मांडणं नाही. पाण्याच्या काठाने दिवसभर फिरायचं आणि पाण्याला हात न लावता परत यायचं. ज्यांना पाण्यात उतरायचंच आहे त्यांना मी सरळ सांगते की तुमची जागा ही नाही. हे ज्यांना चालतं, त्यांना तानसा इतकं देतो की एका दिवसात आवरत नाही.

महिना आधी ठरवा, तारीख नंतर

नवखी माणसं हमखास चुकतात ती इथे. जुलै-ऑगस्टमध्ये "तानसा भरून वाहू लागला" अशी बातमी येते आणि पुढच्या रविवारी अर्धं ठाणं नाशिक हायवेवर उतरतं. माझी पहिली फेरी तशीच झाली. ऑगस्टचा रविवार, गाडीत दोन लहान मुलं, हायवेवर तीन तास खोळंबा, आणि शेवटी बंदोबस्तावरच्या पोलिसांनी वाटेतूनच परत पाठवलं. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की त्यांचं बरोबर होतं. पावसाळ्यात धरणं, धबधबे, नदीपात्रं यांच्या आसपास जिल्हा प्रशासन दरवर्षी बंदीचे आदेश काढतं, पूर्वी कलम १४४ खाली आणि आता नव्या कायद्यातल्या कलम १६३ खाली. धरणाचे दरवाजे उघडले की खालचं पात्र बघता बघता भरतं. मघाशी ज्या खडकावर बसलो होतो तो खडक दिसेनासा होतो. तेव्हा पावसाळ्यात तानसा नको.

चांगला काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पाहुणे पक्षी आलेले असतात, सकाळी पाण्यावर धुकं असतं, उन्हाचा त्रास अकरापर्यंत होत नाही. मला स्वतःला फेब्रुवारीचे शेवटचे आणि मार्चचे पहिले दिवस सगळ्यात आवडतात. सागाची पानं गळालेली असतात, त्यामुळे रानात लांबवर दिसतं, पळस आणि काटेसावर फुललेली असतात, आणि मोहाची फुलं पडायला लागतात. फक्त ऊन सोसायची तयारी हवी. वार शक्यतो मधला निवडा. मंगळवारी जे रान दिसतं ते रविवारी दिसत नाही.

जायचं कसं

रस्त्याने ठाण्याहून सुमारे ७५ किलोमीटर. भिवंडी बायपास, पडघा, शहापूर असं नाशिक हायवेने जायचं आणि आटगावपाशी हायवे सोडून आत वळायचं. तिथून धरण दहा-बारा किलोमीटर. पेट्रोल आणि चहा-नाश्ता शहापूरच्या आसपासच उरका, आत गेल्यावर दुकानं तुरळक. मोबाइलची रेंजही अधूनमधून जाते, म्हणून नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा.

लोकलने जायचं तर कसारा लोकल पकडा आणि आटगावला उतरा, ठाण्याहून साधारण दीड तास. आसनगाव लोकल आटगावच्या आदल्या स्टेशनलाच संपते, एवढं लक्षात ठेवा. पहाटेची गाडी धरली तर उजाडता उजाडता पोहोचता, पण त्या वेळी स्टेशनबाहेर रिक्षा असेलच असं नाही. आदल्या दिवशी रिक्षावाल्याशी बोलून ठेवावं. आणि जाण्याइतकंच येण्याचंही ठरवा, हे मी अनुभवाने सांगते. एकदा परतीचं न बोलता आम्ही दोघी मैत्रिणी आत गेलो. साडेपाचला रस्त्यावर आलो तर वाहनाचा पत्ता नाही. अंधार पडू लागला, दोन्ही बाजूंना जंगल. चार किलोमीटर झपाझप चालल्यावर दुधाचा एक टेम्पो थांबला. ते रान बिबट्याचं आहे. तेव्हापासून परतीचा माणूस आणि परतीची वेळ ठरल्याशिवाय मी आटगाव सोडत नाही.

परवानगी

इथे दोन वेगवेगळी खाती आहेत आणि नव्या माणसाचा त्यात गोंधळ होतो. धरण, त्याची भिंत आणि पाणी मुंबई महापालिकेचं. जंगल वन खात्याचं. अभयारण्यात शिरताना वन खात्याच्या नाक्यावर नाव नोंदवा, जे शुल्क असेल ते भरून पावती घ्या आणि कुठल्या वाटेने जाता येईल हे तिथेच विचारा. धरणाच्या भिंतीवर मात्र महापालिकेच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाशी "दोन मिनिटं फोटो काढून येतो" अशी घासाघीस करू नका. दीड कोटी माणसांच्या तोंडी जाणाऱ्या पाण्याची ती राखण आहे. ड्रोन घरी ठेवा. धरणासाठीही आणि पक्ष्यांसाठीही.

वनरक्षकांना विचारून गावातलाच वाटाड्या मिळत असेल तर जरूर घ्या. त्याला त्या दिवसाची मजुरी नीट द्या, "खुशीने काय ते" यावर सोडू नका. मी ज्या ठाकर दादांबरोबर जाते, त्यांना पानांच्या सळसळीवरून सरडा कुठला आणि साप कुठला ते कळतं. दुर्बीण माझ्या गळ्यात असते, पक्षी आधी दिसतो त्यांना.

पिशवीत काय

माणशी तीन लिटर पाणी. ही सूचना साधी वाटेल, पण तिच्यामागे मोठं कारण आहे, ते पुढे येईल. घरचा डबा, स्टीलचाच, आणि आपला कचरा परत आणायला एक पिशवी. मळकट हिरवे किंवा मातकट कपडे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत बूट. या भागात घोणस आणि फुरसं हे विषारी साप आहेत, पालापाचोळ्यात चपलेने फिरू नये. पावसाळा सरल्या सरल्या गेलात तर घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते बघा, विशेषतः मुलांच्या कानामागे. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) असली की पुरे. कुणाची तरी मागून न्या, पहिल्याच फेरीसाठी विकत घेऊ नका. वही आणि पेन्सिल मात्र स्वतःची हवी.

पहिला तास बसून काढा

पोहोचलात की लगेच चालायला लागू नका. पाणी दिसेल आणि पाठीशी झाड असेल अशी जागा बघा. मी एका ऐनाखाली बसते. ऐन ओळखायला सोपा, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, चौकोनी खवल्याखवल्यांची. तिला पाठ टेकून अर्धा तास गप्प बसलं की रान आपल्याला विसरतं.

आधी पाण्याकडे बघा. पाणकावळे बुडी मारून वर येतात आणि खुंटावर पंख पसरून वाळवत बसतात. काठाच्या चिखलात ढोकरी असते, आपण अगदी जवळ जाईपर्यंत ती मातीचाच तुकडा वाटते आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला काळा-पांढरा पक्षी म्हणजे कवड्या धीवर. तो सूर मारेपर्यंत नजर हलवू नका. हिवाळ्यात उथळ काठाला नारिंगी-तपकिरी चक्रवाकांची जोडी दिसू शकते, आणि चोचीच्या टोकाला पिवळा नि मुळाशी तांबडा ठिपका असलेली हळदीकुंकू बदकं.

मग पाठीमागच्या झाडीकडे वळा. इथला आवाज वेगळा. तांबटाची टुक-टुक, हळद्याची शीळ, आणि भृंगराजाच्या दहा पक्ष्यांच्या नकला. उंबर किंवा वड पिकलेला असेल तर त्याखालीच बैठक हलवा. हरियाल तिथे येतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण पिवळट-हिरवा रंग पानांत असा मिसळतो की शेंड्यात वीस हरियाल बसलेले असूनही तुम्हाला झाड रिकामं वाटेल. एखादं फळ टपकन खाली पडलं की वर बघा.

जनावरांची आशा मनात फार धरू नका. भेकर, रानडुक्कर, तरस, बिबट्या इथे आहेत, पण दिवसाउजेडी बहुतेक वेळा त्यांच्या खुणाच दिसतात. भेकराचा कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज ऐकला तर जागच्या जागी थांबा आणि वाटाड्या सांगेल तसं करा. माकडांना काहीही खायला देऊ नका.

रानपिंगळा

जगभरातले पक्षिप्रेमी ज्याच्यासाठी तानसाचं नाव घेतात, ते हे छोटं घुबड. काही जण वनपिंगळाही म्हणतात. त्याची गोष्ट माहीत असली तर समोरचं साधं सागाचं रान वेगळं दिसू लागतं. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती. तो नामशेष झाला असं बहुतेकांनी धरलं होतं. मग १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ जिवंत सापडला, तब्बल ११३ वर्षांनी. त्यानंतर सातपुड्याच्या रानांत तो ठिकठिकाणी मिळाला आणि हा तिकडचाच पक्षी असं वाटत राहिलं. २०१४ मध्ये तो तानसात दिसला. मुंबईच्या पाइपलाइनच्या उगमाशी, कसारा लोकलच्या रुळांपासून फार दूर नाही अशा रानात.

ओळखायचा कसा? आपल्या सोसायटीच्या झाडावर असतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, मोठं, चोच दणकट, पाठ साधी तपकिरी, पंखांवर ठसठशीत पांढरे पट्टे आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. इथेच जंगली पिंगळाही राहतो, पण तो डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघांनी भरलेला. सोपी गोष्ट अशी की रानपिंगळा दिवसा वावरतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात सागाच्या निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो, शेपूट झटक्याने हलवतो आणि खालचे सरडे टिपतो.

मला तो पहिल्यांदा दिसला चौथ्या फेरीत. ठाकर दादांनी बोटही दाखवलं नाही, फक्त हनुवटी उचलली. तो आमच्याकडे पाठ करून बसला होता. मग फक्त मान फिरली, पिवळे डोळे थेट आमच्यावर आले, आणि तो तसाच बसून राहिला. आम्ही तिघं उभे होतो तिथेच उभे. त्याने झेप घेऊन पाचोळ्यातून सरडा उचलला तेव्हा पानाचा आवाजसुद्धा ऐकू आला.

आता कळकळीची विनंती. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हा पक्षी आपली हद्द जिवापाड राखतो. आवाज ऐकला की दुसरा नर घुसला असं समजून तो धावून येतो, शिकार सोडून, कधी पिल्लं सोडून. आपल्याला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ जाते. दिवसात पाच गट आले आणि पाचही जणांनी आवाज वाजवला तर काय होत असेल, विचार करा. घरटं दिसलं तर थांबू नका, पुढे निघा. फ्लॅश तर नाहीच.

पाड्यावरून जाताना

या रानात वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. वाट पाड्यातून जात असेल तर गाडी हळू न्या, हॉर्न देऊ नका, अंगणाचे आणि माणसांचे फोटो न विचारता काढू नका. वाटेच्या कडेला झाडाखाली शेंदूर लावलेला दगड किंवा वाघ कोरलेली लाकडी फळी दिसली तर तो वाघोबा. चपला घालून त्याच्या ओट्यावर चढू नका. रानातल्या वाघा-बिबट्याला देव मानून त्याच्या शेजारी राहणारी ही माणसं आहेत.

मार्चमधल्या एका पहाटे मी मोहाच्या झाडाखालून चालले होते. एक आजी टोपली घेऊन फुलं वेचत होत्या. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात, मलईच्या रंगाची, गरगरीत, बोटांत धरली की ओलसर लागतात, आणि वास गोड, किंचित आंबूस. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. आजींनी झाडाखालची जमीन आधीच झाडून साफ केली होती. "ताई, फुलावर पाय नको देऊ," एवढंच म्हणाल्या. मी बाजूने गेले, बसले, दहा मिनिटं त्यांच्याबरोबर वेचू लागले. बोलता बोलता मी विचारलं, पाणी कुठून आणता? त्यांनी उताराकडे हात केला. विहीर आटत आली होती, रोज दोन खेपा, डोक्यावर दोन हंडे.

शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मोडकसागरही आहे, आणि याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. "धरण उशाला, कोरड घशाला" हे इकडे भाषणातलं वाक्य नाही, रोजचं बोलणं आहे. म्हणून माणशी तीन लिटर. पाड्यावर पाणी मागितलंत तर कुणी नाही म्हणणार नाही, हंड्यातला तांब्या भरून पुढे करतील. त्यासाठीच मागू नका. काही घ्यायचं तर मध, करवंदं, रानभाज्या, जे हंगामात असेल ते विकत घ्या आणि भाव पाडू नका.

भिंत

भिंत लांबून दिसते तेवढी बघा, तेवढंही पुष्कळ आहे. विहार आणि तुळशी या जुन्या तलावांचं पाणी वाढत्या मुंबईला पुरेना, म्हणून महापालिकेने एवढ्या लांब धरण बांधलं. १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते ते सुरू झालं. पावणेतीन किलोमीटरहून लांब अशी ही दगडी भिंत, जी दगड आणि चुन्यात बांधली गेली. तिथून पाणी पंपाने ढकलत नेलं नाही, उताराचा हिशोब करून पाइपातून आपोआप वाहत मुंबईपर्यंत नेलं. विसाव्या शतकात मागणी वाढत गेली तसं टप्प्याटप्प्याने पाइप वाढवले. सकाळचं ऊन तिरपं असताना दगडांचे सांधे स्पष्ट दिसतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना घरच्या नळापासून इथपर्यंतचा रस्ता वहीत काढायला सांगा. माझ्या भाच्याने काढलेला अजून आमच्या फ्रिजवर आहे.

वेळ उरला तर

एका दिवसात तानसा आणि आणखी काही, असा हट्ट नको. पण दोन दिवस असतील तर नदीच्या खालच्या अंगाला जा. तानसा नदीकाठी अकलोलीची आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि जवळच वज्रेश्वरी. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर मंदिर उभं राहिलं, असं सांगतात. प्रवेशद्वार किल्ल्याच्या दरवाजासारखं आहे. पाण्यात उतरायची हौस ज्यांना आहे त्यांनी ती अकलोलीत भागवावी.

पायांत जोर असेल तर माहुली. आसनगावहून जवळ, पण चढ दमवणारा आहे आणि वर पाण्याची खात्री धरू नये. १६३६ मध्ये शहाजीराजांनी बाल निजामशहाला घेऊन इथूनच मुघल आणि आदिलशाही फौजांना तोंड दिलं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात किल्ला गेला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. माथ्यावरून तानसाचं अख्खं पाणी एका नजरेत दिसतं. तो वेगळा दिवस ठेवा.

परत निघताना

चारला आवरायला लागा, पाचच्या आत रानाबाहेर. बसलेली जागा एकदा फिरून बघा, संत्र्याची सालसुद्धा उचला. ती कुजते हे खरं, पण आधी माकडांना माणसाच्या खाण्याची चटक लावते.

वहीत तारीख, वेळ, हवा आणि काय दिसलं ते लोकलमध्येच लिहून काढा, घरी गेल्यावर निम्मं विसरतं. ज्याचं नाव कळलं नाही त्याचं चोच-पाय-शेपटीसकट वर्णन लिहा, नाव नंतर शोधता येतं. यादी ई-बर्ड या पक्षी नोंदवायच्या संकेतस्थळावर घातलीत तर अभ्यासकांना उपयोग होतो. फक्त रानपिंगळा दिसला असेल तर समाजमाध्यमांवर नेमकी वाट, झाड, लोकेशन टाकू नका, कुणी कितीही विचारलं तरी. "तानसा" एवढं पुरे.